सूर्याशी शर्यत: एका खेळाचे परीक्षण

शाळेत संगणक आला की मुले आधी खेळ शोधतात. आपल्याला ते आवडत नाही, पण त्यात नवल नाही. खेळ बंद करून टाकणे सोपे आहे. त्यापेक्षा अवघड आणि जास्त उपयोगी काम म्हणजे खेळ नीट पाहणे. त्यात विज्ञान आहे का? असेल तर बरोबर आहे का? चुकीचे असेल तर ती चूक कामाची आहे का? एका खेळाच्या निमित्ताने हे तीन प्रश्न विचारून पाहू. मुलांना खेळ दाखवण्याआधी मी ते स्वतःला विचारले नव्हते. त्यामुळे काय झाले, तेही पुढे सांगतो.

खेळाचे नाव 'रेस द सन', म्हणजे सूर्याशी शर्यत. तो २०१३ साली बाजारात आला. अमेरिकेतील ॲरन आणि फॉरेस्ट सॅन फिलिप्पो या दोन भावांनी 'फ्लिपफ्लाय' या आपल्या छोट्या संस्थेतर्फे तो तयार केला. शेकडो माणसे आणि अफाट भांडवल यांच्या जोरावर जे खेळ निघतात, त्यांतला हा नव्हे. आपण त्याला घरगुती उद्योग म्हणू शकतो.

खेळ असा आहे

तुमच्याकडे एक छोटे विमान आहे. ते जमिनीलगत, समोरच्या सूर्याच्या दिशेने वेगाने उडते. ते सूर्यप्रकाशावर चालते. वाटेत इमारतींसारखे ठोकळे, खांब आणि कमानी आहेत. त्यांच्यावर समोरून आदळलात की खेळ संपला. नुसते घासून गेलात तर वेग कमी होतो. सूर्य हळूहळू क्षितिजाकडे झुकत असतो. तो मावळला की विमान थांबते आणि खेळ संपतो. सावलीत शिरलात तर ऊर्जा घटते आणि विमान मंदावते. विमान मंदावले की सूर्य हातचा जाण्याची भीती वाढते.

वाटेत रंगीत वस्तू वेचायच्या असतात. सारे जग करडे-पांढरे आणि सूर्य तेवढा केशरी असल्यामुळे हे रंग लगेच डोळ्यांत भरतात. निळ्या वस्तूंमुळे गुण वाढतात. हिरव्या वस्तूमुळे उंच उडी मारता येते. पिवळी वस्तू मिळाली की विमानाचा वेग काही काळ एकदम वाढतो आणि झुकलेला सूर्य पुन्हा थोडा वर येतो. ही पिवळी वस्तू लक्षात ठेवा, आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

आणखी एक गोष्ट. खेळातला रस्ता संगणक स्वतः रचतो आणि दर चोवीस तासांनी तो बदलतो. आज सगळ्या खेळाडूंना एकच रस्ता, उद्या सगळ्यांना नवा. त्यामुळे रस्ता पाठ करून भागत नाही, दरवेळी समोर पाहून निर्णय घ्यावा लागतो. पाठांतराला कंटाळलेल्या शिक्षकांना यात आनंद वाटावा. खेळात बंदुका नाहीत, रक्त नाही. वाचायला मजकूरही फारसा नाही, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची अडचण येत नाही.

विषय चित्रात की नियमात?

पर्यावरणावरचे म्हणून जे खेळ येतात त्यांतल्या बऱ्याच खेळांत पर्यावरण फक्त चित्रात असते. पडद्यावर हिरवी झाडे असतात, प्लास्टिकची पिशवी उचलली की दहा गुण मिळतात आणि शेवटी एक बोधवाक्य येते. पिशवीच्या जागी सोन्याचे नाणे ठेवले तरी खेळ तोच राहतो. म्हणजे पर्यावरण वरून चिकटवलेले असते. आपल्या भित्तिपत्रकांचे आणि घोषवाक्य स्पर्धांचेही पुष्कळदा असेच होते.

काही खेळ मात्र विषय नियमातच गुंफतात. 'सिमअर्थ' हा १९९० सालचा खेळ जेम्स लव्हलॉक यांच्या 'गाया' कल्पनेवर, म्हणजे सजीव आणि पृथ्वी मिळून एक स्वनियंत्रित व्यवस्था आहे या विचारावर बेतलेला होता. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या 'टेरा निल' (२०२३) या खेळात उजाड जमीन जिवंत करायची असते आणि शेवटी आपण उभारलेली सगळी यंत्रे मोडून, गोळा करून, तिथून निघून जायचे असते. आपले काही मागे ठेवायचे नाही, हा त्या खेळाचा नियमच आहे.

'रेस द सन' दुसऱ्या जातीचा आहे. त्यात पर्यावरण हा शब्दही नाही आणि एक झाडही नाही. पण 'ऊर्जा येते तिथून येते, येते तेव्हाच येते आणि वाटेत काही आडवे आले तर येत नाही' हे तीन नियम खेळाडूच्या बोटांना कळतात. सौरऊर्जेवरचा धडा वाचून ते डोक्याला कळतात, पण बोटांना कळणे वेगळे. म्हणून हा खेळ मला बोधवाक्यांच्या खेळांपेक्षा सरस वाटतो.

सावल्या बरोबर आहेत

खेळातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे सावल्या. विमान थेट सूर्याकडे जात असल्यामुळे प्रत्येक अडथळ्याची सावली आपल्या बाजूला पडते. आधी सावली लागते, मग अडथळा. सावली एकाच वेळी इशाराही असते आणि नुकसानही. सूर्य जसजसा खाली जातो तसतशा सावल्या लांबतात आणि उन्हाच्या मोकळ्या पट्ट्या अरुंद होत जातात. खेळ अवघड होण्याचे हे एक नैसर्गिक कारण आहे. खेळ रचणाऱ्याला त्यासाठी मुद्दाम काही घुसडावे लागलेले नाही.

हिशेब करून पाहू. १० मीटर उंच इमारतीची सावली सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना १० मीटर पडते. सूर्य ३० अंशांवर आला की ती सुमारे १७ मीटर होते, १० अंशांवर ५७ मीटर, ५ अंशांवर ११४ मीटर आणि २ अंशांवर तब्बल २८६ मीटर. म्हणजे सुरुवातीला सावली रेंगाळत वाढते आणि शेवटी धावत सुटते. दहावीच्या मुलांना त्रिकोणमितीत स्पर्शक गुणोत्तर शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण शोधायला नको. मैदानात एक मीटरची काठी उभी करा. दुपारी तीनपासून सूर्य मावळेपर्यंत दर वीस मिनिटांनी सावली मोजा आणि आलेख काढा. खेळ खेळलेली मुले आलेखाचे शेवटचे वळण लगेच ओळखतील.

माझी चूक

आता पिवळ्या वस्तूकडे येऊ. आमच्या आठवीच्या मुलांनी हा खेळ पाहिला तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, ही थाप आहे. वेगाने गेलं म्हणून मावळता सूर्य परत वर कसा येईल?" मी हसून म्हणालो, "बरोबर आहे तुझं. खेळ आहे तो, त्यात काहीही चालतं." मुलांनाही ते पटले आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो.

रात्री जेवताना मला जाणवले की चुकलो मीच. खेळ नव्हे.

सूर्य मावळतो तो पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून. विषुववृत्ताचा परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. चोवीस तासांत तेवढे अंतर म्हणजे ताशी सुमारे १६७० किलोमीटर. या वेगाने विषुववृत्तावरून पश्चिमेकडे उडणाऱ्याला सूर्य आकाशात जिथल्या तिथे दिसेल. त्याहून वेगाने गेला तर सूर्य पश्चिमेकडून वर येताना दिसेल. खेळातला नियम मुळात बरोबर आहे, फक्त खेळातल्या विमानाला जमिनीलगत एवढा वेग पेलेल का, हा प्रश्न वेगळा.

विषुववृत्तापासून दूर गेले की अक्षवृत्ताचा परीघ कमी होतो आणि हा वेगही कमी होतो. मुंबईच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९ अंशांवर, तो ताशी १५८० किलोमीटरच्या आसपास येतो आणि ६० अंशांवर ८३५. प्रवासी जेट विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे ६० अंशांवर ते सूर्याला सहज धरून ठेवते. मुंबईहून संध्याकाळी आखाती देशांकडे निघालेल्या विमानात सूर्यास्त नेहमीच्या दुपटीहून जास्त वेळ रेंगाळतो, तो याचमुळे. ध्रुवापासून २० किलोमीटरवर तर हा वेग ताशी पाच-सव्वापाच किलोमीटर एवढाच भरतो. भरभर चालणारा माणूसही तिथे सूर्याशी बरोबरी करील. अर्थात तिथे दिवसच सहा महिन्यांचा असल्यामुळे त्या शर्यतीत राम नाही!

प्रत्यक्षातही असे घडलेले आहे. कॉन्कॉर्ड हे प्रवासी विमान १९७६ ते २००३ या काळात प्रवाशांची ने-आण करत होते. त्याचा वेग ताशी सुमारे २१५० किलोमीटर. लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर ते साडेतीन तासांच्या आसपास कापी आणि दोन्ही शहरांच्या घड्याळांत पाच तासांचा फरक आहे. म्हणजे निघालेल्या वेळेच्या आधीच प्रवासी पोहोचत! लंडनहून सूर्यास्तानंतर निघालेल्यांना सूर्य पश्चिमेकडून उगवताना दिसे. याच जातीच्या एका प्रायोगिक विमानाने ३० जून १९७३ रोजी उलट शर्यत केली. शास्त्रज्ञांना घेऊन ते आफ्रिकेवरून चंद्राच्या सावलीबरोबर पूर्वेकडे धावले आणि खग्रास ग्रहण ७४ मिनिटे पाहता आले. जमिनीवरून ते जास्तीत जास्त सात मिनिटे दिसणार होते. खेळात सावली चुकवायची असते, या शास्त्रज्ञांना सावली सोडायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पृथ्वीगोल आणि विजेरी घेऊन वर्गात गेलो. खोली अंधारी केली, एका मुलाला गोल हळूहळू फिरवायला सांगितला आणि थाप म्हणणाऱ्या मुलाला गोलावर बोट टेकवून पश्चिमेकडे सरकायला सांगितले. बोट उजेडाच्या कडेवर रोखून धरता येते, अंधारात गेलेले बोट पुन्हा उजेडात आणता येते, हे त्याचे त्याने पाहिले. मी म्हणालो, "काल मी तुला चुकीचं सांगितलं." वर्ग क्षणभर गप्प होता. मग त्या मुलाने विचारले, "म्हणजे गडचिरोलीला सूर्य आपल्या आधी मावळतो का?" मावळतो. मुंबई आणि गडचिरोली यांच्या रेखांशांत सात अंशांहून थोडा जास्त फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटे. म्हणजे विषुवदिनाच्या आसपास जवळजवळ अर्धा तास आधी.

'खेळात काहीही चालतं' हे वाक्य मी आता वापरत नाही.

खेळ काय लपवतो

आता उणिवा. पहिली उणीव म्हणजे वेगाची किंमत. खेळात ऊन आहे तोवर विमान सुसाट आहे. प्रत्यक्षात वेग वाढवला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी. आणि सूर्य देतो किती? भर दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटरवर साधारण १००० वॅट. सौरघट त्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त विजेत रूपांतरित करतात. चार चौरस मीटरच्या पट्टावर जेमतेम एक इस्त्री तापेल.

एवढ्याशा शक्तीवर मोटारी धावतात, ही खरी थक्क करणारी गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड अशी सुमारे ३००० किलोमीटरची सौरमोटारींची शर्यत १९८७ साली सुरू झाली. त्या वर्षीच्या विजेत्या 'सनरेसर' गाडीचा सरासरी वेग ताशी सुमारे ६७ किलोमीटर होता. २००५ साली नेदरलँड्सच्या विद्यार्थ्यांच्या 'नुना ३' गाडीने ताशी १०२ किलोमीटरच्या वर मजल मारली. ही प्रगती पिवळ्या वस्तू वेचून झालेली नाही. गाडीचा आकार, वजन, सौरघटांची कार्यक्षमता आणि बॅटरीचा काटेकोर हिशेब यांनी झाली आहे. ढग येणार असतील तर किती जोरात जायचे, हे तिथे गणित मांडून ठरवतात. संध्याकाळी गाडी थांबली की चमू सौरपट उचलून मावळत्या सूर्याकडे कलता धरतात, कारण तिरपे ऊन आडव्या पटावर फारच थोडे पडते. सूर्य १० अंशांवर असेल तर सरळ धरलेल्या पटाच्या मानाने आडव्या पटाला जेमतेम सहावा हिस्सा मिळतो, आणि हवेच्या जाड थरातून येताना ऊन आणखी मंदावलेले असते. खेळाचा मुख्य हिशेब मात्र 'ऊन की सावली' एवढाच आहे.

दुसरी उणीव मोठी आहे. खेळात रात्र ओलांडता येत नाही. सूर्य मावळला की सारे संपले. एका मुलीने याच खेळावरून विचारले, "सर, मग सौरऊर्जेचा उपयोग काय? रात्रीच तर दिवे लागतात." हा प्रश्न भाबडा नाही. सौरऊर्जेपुढचा आजचा मुख्य प्रश्न तोच आहे: साठवण. छपरावर पट बसवावा की नाही, यावर आपल्या मुलांच्या घरांतही आज बोलणे होते. त्या बोलण्यात त्यांना भाग घेता यायला हवा.

याचे एक उत्तर एका विमानानेच दिले आहे. 'सोलर इम्पल्स २' हे फक्त सूर्यप्रकाशावर उडणारे विमान ९ मार्च २०१५ रोजी अबुधाबीहून निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २६ जुलै २०१६ रोजी तिथेच परत आले. वाटेत ते अहमदाबाद आणि वाराणसीलाही उतरले होते. पंखांचा विस्तार ७२ मीटर, वजन मात्र सुमारे २३०० किलो, म्हणजे एखाद्या मोठ्या मोटारीएवढे. जपानमधील नागोयापासून हवाईपर्यंतचा टप्पा ते न थांबता सुमारे ११८ तास उडाले. वाटेत पाच रात्री होत्या. आणि गंमत पाहा, ही प्रदक्षिणा पूर्वेच्या दिशेने होती. खेळाच्या भाषेत सूर्याकडे पाठ करून! सूर्याला गाठण्याची त्यांना गरजच नव्हती, कारण त्यांनी दिवस साठवायची युक्ती केली होती.

युक्ती दोन प्रकारची होती. एक बॅटरी. दुसरी उंची. दिवसा विमान साडेआठ हजार मीटर किंवा त्याहून वर चढे आणि रात्री सावकाश दीड हजार मीटरच्या आसपास उतरे. २३०० किलो वजन ७००० मीटर वर नेले की सुमारे ४४ युनिट ऊर्जा उंचीच्या रूपात साठते. नववीच्या मुलांना स्थितिज ऊर्जेचे सूत्र देऊन हे आकडेमोड करून काढायला सांगा. मग त्यांना आपल्या घाटघरच्या उदंचन जलविद्युत केंद्राची गोष्ट सांगा. तिथे वीज जास्त असताना पाणी खालच्या तलावातून वरच्या तलावात चढवतात आणि गरज पडली की तेच पाणी सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज काढतात. विमान आणि धरण, दोन्हींत तत्त्व एकच. मात्र साठवण बिनतक्रार चालते असेही नाही. हवाईला पोहोचेपर्यंत 'सोलर इम्पल्स'च्या बॅटऱ्या तापून बिघडल्या आणि पुढचे उड्डाण एप्रिल २०१६ पर्यंत लांबले. हेही मुलांना सांगायला हवे.

तिसरी गोष्ट खेळाच्या बाहेरची आहे. सूर्यावर चालणारे हे विमान ज्या संगणकावर उडते तो बहुधा कोळशावर चालतो! आपल्या देशात निम्म्याहून अधिक वीज अजूनही कोळशापासून येते. संगणक २०० वॅट घेत असेल तर पाच तासांच्या खेळाला एक युनिट लागते. मुलांना रागावण्यासाठी हे सांगू नका, त्यांना मीटर वाचायला शिकवा.

मग खेळू द्यावा का?

द्यावा, पण तेवढ्यावर सोडू नये. माझ्या मते हा खेळ पंधरा मिनिटांचा आहे आणि त्यानंतरचे काम दोन तासिकांचे. पहिल्या तासिकेत काठीची सावली आणि पृथ्वीगोल. दुसरीत एखादा सौरदिवा किंवा सौर खेळणे आणा आणि पटावर हळूहळू पुठ्ठा सरकवा. अर्धा पट झाकला तर वीज अर्धीच होते का? पुष्कळदा त्याहून फार कमी होते, कारण घट एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि एक अडला की सगळे अडतात. खेळातल्यापेक्षा खरी सावली जास्त क्रूर आहे, हे मुलांना आपोआप दिसेल.

शेवटी त्यांना एक काम द्या. या खेळात रात्र पार करता यावी म्हणून एकच नवा नियम घालायचा असेल तर तो कोणता घालाल? कागदावर लिहा आणि त्याची किंमतही लिहा: वजन, वेळ, वेग, काय गमवावे लागेल? आमच्या वर्गातल्या त्या मुलीने लिहिले, "विमान दिवसा मुद्दाम हळू जाईल." गुणांच्या दृष्टीने हा नियम खेळाला मारकच ठरेल. पण सौरमोटार चालवणाऱ्याला तो लगेच पटेल.